दही, गाडी, खुर्ची, दार

आमच्या खालच्या बिऱ्हाडातली मुलगी दह्याची वाटी पाहिली की किंचाळायची. एरवी दही तिच्या आवडीचं. भातात कालवून दिलं की ताट चाटूनपुसून लख्ख करायची. पण तेच दही छोट्या वाटीत, उंबऱ्याजवळ, आईच्या हातात दिसलं की संपलं. त्या आवाजानं ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली आमची अख्खी गल्ली गोळा व्हायची आणि समोरचा हलवाई झारा हातात धरून तसाच बघत राहायचा.

कारण साधं होतं, पण ते कळायला आम्हा शहाण्या माणसांना फार वेळ लागला. संस्थान विलीन होऊन मध्यभारत नावाचं राज्य झालं होतं आणि त्या राज्यानं अजब संसार मांडला होता. थंडीत राजधानी ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. कचेऱ्या पेट्यांत भरून तिकडे जायच्या आणि पेट्यांत भरून परत यायच्या. मुलीचे वडील सचिवालयात कारकून, त्यामुळे पेट्यांबरोबर तेही. आम्हा दक्षिणी, म्हणजे तिथल्या मराठी लोकांत गावाला निघालेल्या माणसाच्या तळहातावर घरातली बाई दही ठेवते. त्यानं ते चाटायचं आणि निघायचं, म्हणजे काम होतं आणि माणूस सुखरूप घरी येतो. आमच्या दृष्टीनं तो शकुन. तिनं मात्र एवढंच पाहिलं होतं की बाबांच्या हातावर दही पडतं आणि बाबा नाहीसे होतात.

ती तेव्हा आठेक वर्षांची असेल. बोलत नव्हती. कान तिखट होते, कुल्फीवाला गल्लीच्या तोंडाशी आला की आमच्या आधी तिला कळायचं. पण तोंडातून शब्द निघत नव्हता आणि आपण सांगितलेलं पुष्कळसं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. आज अशा मुलांना विशेष म्हणतात, त्यांच्या शाळा असतात. तेव्हा गल्लीत तिला सरळ खुळी म्हणायचे, तेही तिच्या तोंडावर. मला त्याचा संताप यायचा. मी प्राथमिक शाळेत नुकती लागलेली मास्तरीण, विशीतली, तापट, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत. हिला मी शिकवीन, असं मी तिच्या आईला जिन्यात उभ्या उभ्या सांगून टाकलं. तिच्या आईला मी वहिनी म्हणायचे. त्या नुसत्या हसल्या.

चित्रं कशावर काढायची हा प्रश्न माझ्या वडिलांनी नकळत सोडवून ठेवला होता. ते दरबारच्या कचेरीत होते. दरबारच उरला नाही तेव्हा तिथली कोरी निमंत्रणाची कार्डं रद्दीत निघाली, ती त्यांनी जपून घरी आणली होती. जाड पुठ्ठा, सोनेरी कड, वर राजचिन्ह, खाली पाहुण्याच्या नावासाठी रिकामी ओळ. मी त्यांच्या पाठीवर शेळी काढली. वडिलांनी कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यातून माझी शेळी कुत्र्यासारखी दिसत होती.

वस्तूंची नावं तिला लवकर जमली. वाटी दाखव म्हटलं की वाटीचं कार्ड उचलायची. पण नुसती नावं म्हणजे काही भाषा नव्हे. आत, बाहेर, आधी, नंतर, यांचं काय चित्र काढणार? मी टोपलीतलं मांजर काढलं आणि टोपलीबाहेरचं मांजर काढलं. ती दोन्ही कार्डं हुंगायची आणि ठेवून द्यायची. कित्येक आठवडे असेच गेले. मग एका दुपारी ती उठली, बाहेरच्या मांजराचं कार्ड घेऊन दारापर्यंत गेली आणि ते उंबऱ्याच्या पलीकडे ठेवून आली. मी वहिनींना मिठीच मारली. त्यांचे हात पिठाचे होते, माझ्या पोलक्याला पाठीवर दोन पांढरे पंजे उमटले. 'नाही'ला मात्र आम्ही चित्र शोधलं नाही, हाताची खूण ठरवली. समोरच्याच्या उघड्या तळहाताची बोटं हलकेच मिटवायची, की झालं नाही. ती खूण तिला एकदम पटली आणि दूध नको असलं की ती माझी बोटं मिटवायला लागली.

सगळ्यात अवघड होतं 'परत'. जाणारी गाडी आणि येणारी गाडी अशी दोन चित्रं काढली, तर तिनं एकावर एक ठेवून दिली. तिचं बरोबरच होतं, दोन्ही गाड्या सारख्याच दिसत होत्या. शेवटी मी तिच्या किंकाळीपासूनच सुरुवात केली आणि चार कार्डं काढली. पहिल्यावर उघडा तळहात, आणि त्यावर दही ठेवणारा हिरव्या बांगड्यांचा हात. दुसऱ्यावर आगगाडी. तिसऱ्यावर रिकामी खुर्ची. चौथ्यावर दार, आणि दारात उभे बाबा. हे चौथं कार्ड पालथं ठेवायचं. माणूस परत आला की ते तिनं स्वतः सुलटं करायचं, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

दाराचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं केलं, बाबांचं, आईचं आणि माझंही. माझ्या कार्डावर मी माझी वेणी, चष्मा आणि हातात छडी काढली होती. "छडी कशाला? एवढ्या काही वाईट नाही आहात तुम्ही," वहिनी म्हणाल्या. त्या भाजी आणायला बाड्यावरच्या बाजारात निघाल्या की मी त्यांच्या तळहातावर दही ठेवायचे. "मेथीच्या जुडीसाठी दही!" म्हणून त्या हसायच्या, चाटायच्या, आणि थोड्या वेळानं पिशवी घेऊन दारात उभ्या राहायच्या. मुलगी धावत जाऊन कार्ड सुलटं करायची. असं आम्ही इतक्या वेळा केलं की हलवायानं विचारलं, तुम्हा दक्षिणी लोकांचा रोजच सण असतो का?

पुढच्या उन्हाळ्यात वडील इंदूरला निघाले तेव्हा ती किंचाळली नाही. कोनाड्यात तीन कार्डं ओळीनं उभी केली, चौथं पालथं ठेवलं, राजचिन्ह वर. आणि मग मी शिकवली नव्हती अशी एक गोष्ट झाली. ते कार्ड पालथं होतं तोवर तिनं घराबाहेर पाऊल टाकलं नाही. लग्नाला नाही, देवळात नाही, फूलबागेत पिंजऱ्यातला वाघ बघायलासुद्धा नाही, आणि त्या वाघावर तिचा जीव होता. वर आमच्या खोलीत यायची, पण रस्त्यावर नाही. माणूस यायचा आहे आणि कार्ड सुलटं करायचं काम आपलं, तर घर सोडून कसं चालेल? वडील आले, तिनं कार्ड सुलटं केलं आणि लगेच चपला घालून वाघाकडे चला म्हणून दारात उभी राहिली. आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

मग राज्यांची मांडणी पुन्हा बदलली. मध्यभारत पुसलं गेलं, मध्यप्रदेश आला आणि राजधानी झाली भोपाळ. आता गेलेल्या पेट्या परत येणार नव्हत्या. सचिवालयाच्या फाटकातून फायलींनी भरलेल्या गाड्या निघायच्या आणि गल्लीत रोज कुणाकडे तरी पलंग सुटा करून सुतळीनं बांधत असायचे. तुमचं काय ठरलं, हा एकच प्रश्न जो तो विचारायचा. कुलपं लागलेल्या घरांवरून शाळेतून येताना मी भराभर पावलं टाकायचे. मुलीचे वडील पहिल्या तुकडीबरोबर पुढे गेले. दही झालं, त्यांचं कार्ड पालथं पडलं. आणि मागचं घर आवरायला तिचे थोरले काका उज्जैनहून आले.

काका फार गोड माणूस. आवाज कधी चढला नाही. पांढरंस्वच्छ धोतर, बंद गळ्याचा कोट, अंगाला अत्तराचा वास. मुलीसाठी रोज संत्री आणायचे. एकेका फोडीच्या शिरा काढून, बिया काढून ती तिच्या तोंडात घालायचे. मला त्या माणसाची पहिल्या दिवसापासून भीती वाटली, आणि का वाटते ते सांगता येईना म्हणून स्वतःचाच राग आला. मग एक दिवस मी खाली गेले तेव्हा ट्रंका भरून झाल्या होत्या. वहिनींच्या साड्या, भांडी, देव, पांघरुणं, सगळं जागच्या जागी. मुलीचे फ्रॉक कुठल्याच ट्रंकेत नव्हते. ते एका लहानशा बोचक्यात बांधून दाराजवळ वेगळे ठेवले होते.

"हे राहिलं का?" मी विचारलं.

"राहिलं नाही. ते वेगळं जायचंय," काका म्हणाले. ते संत्रं सोलत होते आणि मुलगी त्यांच्या पुढ्यात बसली होती. "भोपाळला दोन खोल्या मिळताहेत, बाई. दोन खोल्यांत हिचं कसं व्हायचं? मी हिचा इंतजाम केला आहे. दूर आहे, पण जागा चांगली आहे. अशा मुलांना ठेवून घेतात तिथे."

"किती दिवस?"

"दिवस?" त्यांनी एक बी काढून तळहातावर घेतली. "हिला दिवस काय नि वर्ष काय. समजतं थोडंच."

"तिच्या वडिलांना माहीत आहे हे?"

"तो माझ्या शब्दाबाहेर नाही."

मुलगी तोंड उघडून पुढच्या फोडीची वाट बघत होती.

काकांची एकच अडचण होती. कार्ड पालथं होतं आणि मुलगी घर सोडत नव्हती. ओढून न्यावी तर रस्ताभर आरडाओरडा, आणि चारचौघांतला आरडाओरडा त्यांना खपत नसे. काही दिवस त्यांनी तिला नुसतं न्याहाळलं. मग माझ्यासमोरच एकदा कोनाड्यापाशी गेले, "हे फिरवलं की झालं ना?" म्हणाले आणि त्यांनी कार्ड सुलटं केलं. मुलगी धावत दाराशी गेली. गल्ली पाहिली, जिना पाहिला, वर आमच्या खोलीतही डोकावून आली. बाबा कुठेच नव्हते. परत येऊन तिनं कार्ड पालथं केलं आणि त्यावर हात ठेवून उभी राहिली. "हुशार आहे," काका म्हणाले, आणि माझ्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी ते वर आमच्याकडे आले. माझ्या आईनं चहा दिला, त्याची त्यांनी तारीफ केली. मग मला म्हणाले, "बाई, एक काम करा. हिच्या नावाची चार कार्डं काढून द्या. दही, गाडी, खुर्ची, आणि दारात ही. समजूत पटली की शांत जाईल."

"दारात ही? म्हणजे ती परत येणार?"

"चित्रात येईल," ते म्हणाले.

मी नाही म्हटलं. जरा मोठ्यानंच म्हटलं, माझ्या वडिलांनी आतून खोकून दाखवलं. काका रागावले नाहीत. "हरकत नाही. जुनी आहेतच," म्हणाले आणि कपबशी जागेवर ठेवून उतरले. खाली जाऊन त्यांनी बाबांचं कार्ड या वेळी सुलटं केलं नाही. तसंच पालथं उचललं, कोटाच्या खिशात ठेवलं, तिला गाडीचं कार्ड दाखवलं आणि दाराकडे बोट केलं. त्या दिवसापासून मुलगी त्यांच्या मागे मागे फिरायला लागली. ते अंघोळीला गेले तरी ही दाराबाहेर उभी.

मी वहिनींना मोरीवर गाठलं. त्या भांडी घासत होत्या. "तिला कुठे नेताहेत, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"मग?"

"ह्यांना लिहिलं होतं मी. उत्तर आलं, दादा म्हणतील तसं करा." त्यांनी पातेल्याला राख चोळली. "मी काय करू, बाई? मी विरजण लावणार नाही."

एवढंच. मला त्या बाईचा असा संताप आला! पोटची पोर कायमची चालली आणि ही म्हणते विरजण लावणार नाही. मी पाय आपटत वर आले आणि आईवर उगाच ओरडले.

थंडीचे दिवस होते. सकाळी तांगा दाराशी आला तेव्हा गल्लीत धुकं होतं आणि घोड्याच्या नाकातून वाफ निघत होती. मी वरून जिन्याचा कठडा धरून बघत होते. मुलीला नवा फ्रॉक, वर स्वेटर, केस घट्ट विंचरलेले, कार्डांची पिशवी गळ्यात. नजर काकांच्या खिशावर. बोचकं तांग्यात चढलं. मुलगी आईसमोर गेली आणि तिनं तळहात पुढे केला.

"दही नाही," वहिनी म्हणाल्या.

आई विसरली असेल म्हणून मुलीनं पिशवीतून दह्याचं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं. वहिनींनी तोंड फिरवलं. तेव्हा कुठे मला त्यांचं ते विरजण कळलं. दह्याशिवाय कोणी गावाला जात नाही, हे त्या घरात सगळ्यात घट्ट धरून बसलेली एकच व्यक्ती होती, आणि वहिनींनी सगळा भार तिच्यावर टाकला होता.

पण काकाही कच्चे नव्हते. त्यांनी तांगेवाल्याला समोर पिटाळलं. हलवायानं दुकान नुकतंच उघडलं होतं, द्रोणात दही आलं. काका ते चिमटीत घेऊन तिच्या हातावर ठेवायला पुढे झाले. मुलीनं त्यांचा हात बघितला, मग कार्डावरचा हात बघितला. कार्डावरच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. तिनं काकांकडून द्रोण अलगद काढून घेतला आणि ती जिना चढायला लागली.

माझ्या हातांत बांगड्या होत्या. काचेच्या, हिरव्या. तिनं द्रोण मला दिला, तळहात पुढे केला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतका भरवसा होता की मला रडू फुटलं. दही खाल्लेला माणूस परत येतो, हे तिला शिकवणारी मीच.

काका जिन्याच्या तळाशी उभे होते. "द्या, बाई," ते हळूच म्हणाले. "जायचं तर आहेच. हसत जाऊ दे. नाहीतर ओरडत जाईल. ठरवा तुम्ही."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच भयंकर होतं. मी दही दिलं असतं तर ती खुशीत तांग्यात बसली असती, गाडीत खिडकीशी बसली असती, आणि त्या लांबच्या घरात पोचल्यावर परत यायची वाट बघत राहिली असती. नाही दिलं तर ती आत्ता, इथे किंचाळणार. मला तो आवाज आधीच ऐकू येत होता. मी द्रोण खाली ठेवला आणि तिच्या तळहाताची बोटं एकेक करून मिटवली.

तिनं आपल्या मुठीकडे पाहिलं. मग तिथेच वरच्या पायरीवर बसली. किंचाळली नाही. काका वर आले आणि दंडाला धरून ओढायला लागले, तर ती नुसती जड झाली, भिजलेल्या गोधडीसारखी. वहिनी जिन्यात येऊन मध्ये उभ्या राहिल्या. त्यांनी वाट सोडली नाही. खाली हलवाई, दूधवाला, शेजारच्या बायका जमल्या. तांगेवाल्यानं बोचकं उचलून परत उंबऱ्यावर ठेवलं. "बाबूजी, बिटिया का मन नहीं है. मैं तो नहीं ले जाऊँगा," तो म्हणाला.

काकांनी लगेच हात सोडला. लोक बघत असताना ते कधीच काही करत नसत. त्यांनी तिची ओढली गेलेली बाही सारखी केली, केसांवरून हात फिरवला. "ठीक आहे. भोपाळला बघू," म्हणाले. मुलीनं त्यांच्या खिशात हात घालून आपलं कार्ड काढून घेतलं, खाली गेली आणि ते कोनाड्यात होतं तसं पालथं ठेवलं.

पुढे वडील सगळ्यांना न्यायला आले तेव्हा तिनं ते सुलटं केलं. त्यांनी तिला उचलून घेतलं, पण माझ्या नजरेला नजर दिली नाही. निघायच्या दिवशी वहिनींनी दही लावलं होतं. नवऱ्याच्या हातावर ठेवलं, मुलीच्या हातावर ठेवलं, आणि वहिनींच्या हातावर मी ठेवलं. काका तांग्यात पुढे बसले होते, तेही आता भोपाळलाच राहणार होते. मुलगी तांग्याच्या पायरीवरून परत खाली उतरली, वाटीत बोटं घातली, माझा हात ओढला आणि त्यावर दही ठेवलं.

सगळे हसले. "अगं, जायचंय तुला! बाई इथेच राहणार," तिचे वडील म्हणाले. पण तिच्या बाजूनं बघितलं तर तिची सगळी माणसं तांग्यात होती आणि नाहीशी होणार होते ती मी. मी दही चाटलं. तांग्यात परत बसून तिनं पिशवीतून माझं कार्ड काढलं, वेणी, चष्मा आणि छडीचं, आणि मांडीवर पालथं ठेवलं. वहिनी हसल्या नव्हत्या. तांगा वळेपर्यंत त्यांची नजर त्या कार्डावर होती.

होळीच्या सुमारास त्यांचं पोस्टकार्ड आलं. थोरल्या भाऊजींनी इथेही तांगा आणवला होता, असं लिहिलं होतं. ती कार्डांच्या फळीपासून हलली नाही. तुमचं कार्ड पालथं आहे. सुट्टीत जरूर यावं, आणि जाताना तिच्या हातचं दही घेऊनच जावं.

मी ते जिन्यात उभी राहूनच वाचलं. मी येणार आहे असं जोवर ते कार्ड सांगतंय, तोवर तिला त्या घरातून कोणी हलवू शकणार नव्हतं. वहिनींनी हे तांग्यातच ओळखलं होतं.

मग मी जात राहिले. लग्न झालं, मुलं झाली, तरी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे भोपाळ. मी दारात पोचले की ती कार्ड सुलटं करायची, निघताना माझ्या हातावर दही ठेवून पालथं करायची. काका व्हरांड्यात संत्रं सोलत बसलेले असायचे. "आलात का, बाई? यंदा किती दिवस मुक्काम?" गोडच विचारायचे. मी मुक्काम कधी लांबवला नाही. कार्ड सुलटं असलेले दिवस मला धोक्याचे वाटायचे, तेवढे दिवस मी तिला नजरेआड होऊ द्यायचे नाही. काका वारले तेव्हा मला रडू आलं नाही, आणि त्याची लाजही वाटली नाही.

आता मी ग्वाल्हेरलाच, सिटी सेंटरजवळ, मुलाच्या फ्लॅटमध्ये राहते. वहिनी गेल्या, तिचे वडीलही गेले. ती स्वतः साठीला टेकली आहे, डोकं सगळं पांढरं. भोपाळला गेल्यावर तिला एक भाऊ झाला, त्याच्याकडे असते. भाऊ चांगला आहे. त्याची बायकोही चांगली आहे, तिनं आजवर पुष्कळ केलं. अलीकडेच तिचा फोन आला. आवाज फार गोड होता.

"मावशी, आम्ही फ्लॅट घेतोय. छोटा आहे, तिसरा मजला. तिथे ताईंचं कसं होणार? एक जागा बघितली आहे त्यांच्यासाठी, बढिया आहे, सगळा इंतजाम आहे. पण ताई घरातून हलायलाच तयार नाहीत. तुमचं ते कार्ड आहे ना! तुम्ही एकदा येऊन जा, मावशी. मी गाडी पाठवते. ते सुलटं झालं की झालं."

माझ्या नातीनं बॅगसुद्धा काढून ठेवली आहे. "आजी, आप तो हर साल जाती हो, या वेळी काय झालं?" ती रोज विचारते. गुडघे दुखतात, असं मी सांगते. दुखतातच. पण भोपाळला जाता येईल एवढे ते अजून धड आहेत.

मी जाणार नाही. मला जायचं आहे, आयुष्यात दुसरं काही इतकं करावंसं वाटलं नाही, पण मी दारात दिसले की ती धावत जाऊन कार्ड सुलटं करील, आणि मग तिला नेतील, त्यांना अडवायचं बळ आता माझ्यात नाही. म्हणून मी इथे बसले आहे. ती तिथे फळीजवळ बसली असेल, दाराकडे कान लावून. दही खाल्लेला माणूस परत येतो, हे मी तिला चार कार्डांत शिकवलं. तिच्या भल्यासाठीच कोणी परत येत नाही, याचं चित्र मला काढता येत नाही.